बॅग शिवणाऱ्या काकांस, नाशिकहून नाशिकलाच

श्री. बॅगवाले काका यांस,
स. न. वि. वि.

तुमचं दुकान आणि माझं घर यांच्यात गोदावरी तेवढी आडवी आहे. तरी हे पत्र जाहीर लिहितेय, कारण माझ्या फोटो शूटच्या लाइटच्या बॅगांसाठी समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "राहू द्या हो ताई" म्हणता आणि मशीन सुरू करता. मग पुढचं काही ऐकूच येत नाही. नातवाकडून वाचून घ्या.

कॅमेऱ्याच्या बॅगा बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. लाइटचं दुखणं वेगळं. फ्लॅशचं एकेक डोकं तीन किलोच्या आसपास, त्याच्या तोंडाशी काचेची ट्यूब. स्टँड लांबच लांब, सॉफ्टबॉक्सच्या (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीच्या) काड्या कापडातून बाहेर यायला टपलेल्या, वर केबल, कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारा ट्रिगर, क्लॅम्प. हे सगळं एकाच मोठ्या ट्रॉलीत बसवून द्या, असं सांगायला मी आले होते. तुम्ही टेपला हातही लावला नाहीत. विचारलंत, "उचलणार कोण? आणि कुठून कुठे?"

मग मी सांगत गेले. सराफ बाजारात दागिन्यांचं काम असलं की गाडी लांब लावावी लागते आणि गल्लीतून चालत जायचं. जुन्या वाड्यांना लिफ्ट नाही, जिना अंधारा आणि चिंचोळा. घाटावरचं शूट म्हणजे दगडी पायऱ्या. दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात बांधावरून जायचं, तिथे धूळ. त्र्यंबकला पाऊस. "मग चाकं कशाला?" हा तुमचा पुढचा प्रश्न. "पायऱ्यांवर चाकाची बॅग हातातच घ्यावी लागते, आणि चाकांचं वजन फुकटचं." ट्रॉलीचा विषय तिथेच संपला.

दुसरा सल्ला तुम्ही साऊंडवाल्यांकडून उचललेला. त्यांची कव्हरं शिवता शिवता तुम्ही पाहिलंय की सगळ्या वायरी एका पेटीत टाकल्या आणि तीच पेटी मागे राहिली, की बाकीचं सामान नुसतं बघत बसायचं. म्हणून एका बॅगेत एक पूर्ण लाइट: डोकं, त्याची बॅटरी, त्याचा ट्रिगर, उजेड पुढे फेकणारी त्याची वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर. एक बॅग पोचली नाही तरी दुसरीवर काम सुरू होतं. आमच्या धंद्यातले बरेच जण सगळी डोकी एकत्र, सगळ्या केबल एकत्र अशी मांडणी करतात. कपाटात ती छान दिसते. कामावर निघताना मला तरी तुमचीच पटते. भरलेली बॅग तुम्ही ताणकाट्याला लटकवलीत आणि पंधरा किलोच्या वर काटा गेला की दोन वस्तू बाहेर काढायला लावल्यात. "दिवसभर उचलायचीये, एकदाच नाही."

आता शिवणीबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. मी आणलेली तयार बॅग तुम्ही उलटी केलीत आणि उचलायचा पट्टा कुठे संपतो ते दाखवलंत: वरच्या कडेशी, चार टाक्यांत. तुमच्या बॅगेत तोच पट्टा बुडाखालून पूर्ण फिरून पलीकडे वर येतो, म्हणजे भार कापडावर येतच नाही. जिथे जोड आहे तिथे चौकोन आणि चौकोनात फुली. चेन दहा नंबरची, आणि कोपऱ्यावर काटकोनात न वळवता गोलाईत नेलेली, कारण चेन बिघडते ती कोपऱ्यावरच. चेनवर पावसासाठी कापडाची झापड. स्टँडच्या बॅगेच्या दोन्ही टोकांना आतून रेक्झिनचा जाड तुकडा, कारण स्टँडचे पाय आधी तिथेच भोक पाडतात. सी-स्टँडचा, म्हणजे जड भक्कम स्टँडचा, खालचा पाय निघतो हे बघून त्याला वेगळा कप्पा.

अस्तर पिवळं कशाला, असं मी विचारलं होतं. आमचं सगळं सामान काळं; काळ्या बॅगेत काळी केबल लग्नाच्या हॉलमधल्या अंधारात सापडत नाही. बाहेरून मात्र साधं मातकट कापड आणि कुठल्याही कंपनीचं नाव नाही. "बाहेरून बॅग गरीब दिसू द्या ताई," हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते.

फोमसुद्धा तुम्ही सोफ्याचा घेऊ दिला नाहीत. तो पाणी पितो आणि काही पावसाळ्यांत त्याचा भुगा होऊन सामानावर बसतो. तुम्ही घेतलात तो बंद छिद्रांचा, दाबला की परत वर येणारा. आणि लाइटच्या आकाराची भोकं कापण्याऐवजी वेल्क्रोचे कप्पे केलेत, म्हणजे उद्या लाइट बदलला तर बॅग बदलायला नको. ट्यूबवरची टोपी लावल्याशिवाय डोकं आत ठेवायचं नाही आणि गरम डोकं लगेच फोममध्ये कोंबायचं नाही, हे मला येत होतं. बाकीचं तुमचं.

एका बाबतीत आपलं जुळलं नाही. मला बाहेर खिसा हवा होता, टेप आणि क्लॅम्पसाठी. तुमचं म्हणणं, बाहेरचा खिसा म्हणजे दुसऱ्याच्या हाताला आमंत्रण. शेवटी तोंड वाकडं करून शिवलात. तो मी रोज वापरते, हे नमूद करते.

ओझरहून विमानाने जायचं निघालं तेव्हा तर तुम्ही स्वतःचंच गिऱ्हाईक घालवलंत. "विमानाच्या खालच्या सामानात टाकायची असेल तर कडक प्लास्टिकची पेटी घ्या, माझी बॅग तिथे टिकणार नाही." बरोबरच होतं. रबराच्या पट्टीने पाणी अडवणारी, हवेच्या दाबासाठी व्हॉल्व्ह असलेली पेटी दणके सोसते. तिचा तोटा एवढाच की ती रिकामीच सहा किलो भरते आणि वजनाच्या मर्यादेतला मोठा वाटा तिथेच खाते. शिवाय जी पेटी पाणी आत येऊ देत नाही ती आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आत सिलिका जेलच्या पुड्या.

बॅटऱ्यांचा नियम मात्र मी तुम्हाला शिकवला, तेवढं श्रेय मला द्या. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत, केबिनमध्येच न्याव्या लागतात. बॅटरीत साठणारी ऊर्जा वॅट-अवरमध्ये मोजतात, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर: 100 वॅट-अवरपर्यंत सरळ, 100 ते 160 असेल तर विमान कंपनीची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन, त्यापुढे नाहीच. माझी बॅटरी 28.8 व्होल्ट आणि 2.6 अँपिअर-अवर, गुणाकार केला की 75 च्या जरा खाली येते. हे ऐकून तुम्ही बॅटऱ्यांसाठी वेगळी पिशवी शिवलीत, प्रत्येकीला आपला कप्पा, म्हणजे टोकं एकमेकींना लागायला नकोत. आणि वॅट-अवरचा आकडा छापलेली बाजू दिसावी म्हणून समोर पारदर्शक प्लास्टिक. सुरक्षा तपासणीत मी पिशवी फक्त उलगडून धरते. हे मला सुचलं नव्हतं.

आता 2027 चा सिंहस्थ येतोय. गाड्या घाटापासून कितीतरी आधीच थांबवतील आणि सगळं पाठीवरून न्यावं लागेल. त्यासाठी दोन्ही लाइटच्या बॅगांना पाठीवरचे पट्टे आणि कमरेचा पट्टा लावून हवाय. वेळ आहे, पण तुमच्याकडे गर्दी व्हायच्या आत आणून टाकते. आणि बॅटऱ्यांच्या पिशवीचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. ते या वेळी बिलात धरा, नाहीतर बॅगा दुसरीकडे टाकेन अशी खोटी धमकी देते.

आपली,
लाइटवाली ताई