झाडांचे शेंडे कुठल्या दिशेला आहेत?

नागपूर,
१४ मे

प्रिय दिलीप,

वादळाचा तुझा निरोप मिळाला. घरचे सगळे आणि जनावरंही सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. गोठ्यावर टिनं पुन्हा चढतील, पण आंबिया बहाराची संत्री गेली ती गेलीच. त्याचं फार वाईट वाटलं.

तू विचारलंस, हे आपलं नेहमीचं वावधन, म्हणजे वादळी वारा होता, की अमेरिकेत होतो तसला टोर्नेडो, ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा फिरता वारा? सांगतो, पण आधी एक काम कर. पडलेली झाडं तोडून बाजूला करायच्या आत प्रत्येकाचा शेंडा कुठल्या दिशेला आहे ते लिहून ठेव. मोबाइलमध्ये होकायंत्र असतंच. धुऱ्यावरचे कडुलिंब, बागेतली संत्री, वाकलेले खांब, टिनं उडून कुठं पडली ते, सगळं घे. शेताचा कच्चा नकाशा काढून त्यावर बाण मारत जा. पंचनाम्यात किती झाडं पडली एवढंच येईल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या बाणांत आहे.

ही रीत टेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाची. १९४५ मध्ये अणुबॉम्ब पडल्यावर हिरोशिमा आणि नागासाकीत तो पाहणीला गेला होता. स्फोटाच्या खालच्या जागेपासून झाडं चहूबाजूंनी बाहेर लोटलेली त्यानं पाहिली. पुढं तो शिकागोला गेला, आणि टोर्नेडोची ताकद मोजायची जी एफ मोजपट्टी आहे ती त्यानंच १९७१ मध्ये मांडली. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत एका दिवसात जवळपास दीडशे टोर्नेडो झाले. विमानातून ते नुकसान पाहताना काही ठिकाणी त्याला तीच जुनी खूण दिसली. झाडं गोल फिरून पडलेली नव्हती, एका जागेपासून बाहेर पसरली होती. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला उतरता उतरता एक विमान वादळात कोसळलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. फुजिता म्हणाला, ढगातून थंड हवेचा लोट सरळ खाली आदळतो आणि जमिनीवर चारी दिशांना पसरतो, विमान त्यातच सापडलं. बऱ्याच जाणकारांना हे पटेना. १९७८ मध्ये शिकागोजवळ आणि १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ वाऱ्याचा वेग टिपणारं डॉप्लर रडार लावून बसल्यावर ते लोट पडद्यावर दिसले. आज मोठमोठ्या विमानतळांवर या लोटाचा इशारा देणारी यंत्रं आहेत. त्याची सुरुवात पडलेल्या झाडांपासून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तेव्हा तुझे बाण पंख्यासारखे पसरलेले असले, तर तो हवेचा लोट. अरुंद पट्ट्यात झाडं एकमेकांवर आडवीतिडवी, दोन्हीकडून आत ओढल्यासारखी पडली असली, तर फिरता वारा. माझा अंदाज विचारशील तर लोटच असावा. मे महिन्यात आपल्याकडं ढगाचा तळ उंच आणि खालची हवा अगदी कोरडी असते. पाऊस खाली येता येताच वाळतो, त्यात आसपासची हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली येते. सरी यायच्या आधी एकदम थंड झोत आला असं तू लिहिलंस, ते याच्याशी जुळतं. टोर्नेडोला खाली दमट हवा लागते, आणि उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग अन् दिशा बदलत जावी लागते. त्या फरकानं हवा आडवी गरगरते आणि ढगात वर चढणारा प्रवाह तिला उभी करतो. म्हणून आपल्या उपखंडात त्याचा खरा धोका बंगाल-ओडिशाकडं आणि बांगलादेशात. तिथं सातुरियाला २६ एप्रिल १९८९ च्या एका टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसं गेल्याचं सांगतात.

आता रडारचं. "नागपुरात सोनेगावचं रडार आहे ना, मग आम्हाला कुणी का सांगितलं नाही?" तुझा राग खरा आहे, पण यंत्राला काय दिसतं तेही ऐक. रडार लहरी सोडतं, थेंबांवर आणि गारांवर आपटून त्या परततात, आणि परतताना त्यांची वारंवारता किंचित बदललेली असते. त्या बदलावरून थेंब आपल्याकडं येताहेत की दूर चाललेत ते कळतं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात २४ मे १९७३ ला युनियन सिटी गावावर टोर्नेडो आला, तेव्हा नॉर्मनचं प्रायोगिक डॉप्लर रडार त्या ढगाकडं वळवलेलं होतं. नंतर नोंदी तपासल्या तर ढगाच्या मधल्या उंचीवर अगदी शेजारी शेजारी एक वारा येणारा, एक जाणारा, म्हणजे तिथली हवा गरगरत होती. ती खूण टोर्नेडो जमिनीला टेकण्याच्या वीसेक मिनिटं आधीच उमटली होती! पुढं सगळ्या अमेरिकेत डॉप्लर रडारचं जाळं उभं राहिलं, त्यामागं या नोंदींचा मोठा आधार होता. वीस मिनिटांत माणूस लेकरांना घेऊन पक्क्या घरात जाऊ शकतो.

पण रडारचा झोत सरळ जातो आणि जमीन गोल आहे. अगदी खालचा, अर्ध्या अंशाचा झोतही तुमच्या वरुडपर्यंत पोचेस्तोवर जमिनीपासून किलोमीटरभर वर गेलेला असतो, आणि दीडेक किलोमीटर रुंद झालेला. तुझ्या बागेवरून वारा कसा गेला ते त्याच्या नजरेखालून निसटतं. त्यात आपल्याकडं नवं चित्र साधारण दहा मिनिटांनी येतं, आणि असा लोट कधी कधी पाचच मिनिटांत आटोपतो. जास्त रडार हवीत, झटपट फिरणारी हवीत, हे तर आहेच. पण त्या खालच्या किलोमीटरभरात काय घडलं याची नोंद गावातल्या माणसानंच करायची आहे, आणि आपल्याकडं ती कुणी करत नाही, याची मला खंत आहे. रडारच्या चित्रावर तुझे बाण ठेवले, तर पुढच्या वेळी तसंच चित्र दिसल्यावर कशाला घाबरायचं ते कळायला लागेल.

म्हणून नकाशा लवकर पाठव. वाऱ्याचा झोत किती वाजता आला, आधी गारा की आधी वारा, तेही लिही. पुन्हा गारा पडल्या तर सगळं ओसरल्यावर एक उचलून नाण्याशेजारी ठेव आणि फोटो काढ, वितळायच्या आत. वीज कडाडत असताना मात्र बागेत पाऊल टाकू नकोस, झाडाखाली तर मुळीच नाही. दामिनी ॲप घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर घाल, सालदाराच्याही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते केलंय, आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा त्यावर येतो.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग दंडवत. पुढच्या रविवारी निघतो, टिनं चढवायला दोन हात जास्त होतील.

तुझा,
सुधीर