स्पायरोमीटर घ्याल, तेव्हा तीन लिटरची सिरिंजही घ्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

रुग्णालयांसाठी स्पायरोमीटर, म्हणजे फुंकरीतून फुप्फुसाची क्षमता मोजणारे मशीन, खरेदीची निविदा निघेल, तेव्हा मशीनच्याच ओळीत कॅलिब्रेशनची, म्हणजे मोजून तीन लिटर हवा ढकलून मशीन बरोबर मोजते का हे तपासण्याची, सिरिंज आणि तोंडाशी लावायचे वर्षभराचे फिल्टर यावेत, एवढ्यासाठी हे पत्र. मागणी क्षुल्लक वाटेल. पण सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या दीर्घ आजाराचे, निदान त्या सिरिंजवर अवलंबून असते.

फुंकण्याच्या चाचणीत दोन आकडे महत्त्वाचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-वन, आणि शेवटपर्यंत फुंकून बाहेर काढलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊनही पहिल्याला दुसऱ्याने भागून ०.७० पेक्षा कमी आले, तर डॉक्टर सीओपीडीकडे वळतात. आता गोम अशी, की आजची बहुतेक मशिने हवेचे आकारमान थेट मोजतच नाहीत. ती वेग मोजतात आणि क्षणाक्षणाची बेरीज करतात. न्यूमोटॅक प्रकारच्या मशीनमध्ये जाळीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक पाहिला जातो, टर्बाइन प्रकारात पात्याचे फेरे. त्यामुळे वेगात केसभर चूक असली, तरी फुंकर लांबेल तशी ती साठत जाते.

उदाहरण घ्या. डोक्यावर पंखा गरगरत असताना, हातातला सेन्सर हलत असताना कोणी न्यूमोटॅक झीरो केला, म्हणजे त्या हलत्या हवेलाच शून्य वेग धरला. सेकंदाला २० मिलीलिटरची चूक राहिली. खरी एफईव्ही-वन २.१५ लिटर आणि एफव्हीसी ३.०० लिटर, म्हणजे गुणोत्तर ०.७२. माणूस दहा सेकंद फुंकतो. पहिल्या आकड्यात २० मिलीलिटरची भर पडते, दुसऱ्यात २०० ची. कागदावर येते २.१७ आणि ३.२०, गुणोत्तर ०.६८. एका पंख्यापायी धडधाकट माणसाच्या हाती इन्हेलर.

उलटेही होते. खरी आकडेवारी १.४० आणि २.२० असलेला रुग्ण, म्हणजे ०.६४, तिसऱ्या सेकंदाला दमून थांबला आणि एफव्हीसी १.९० वरच अडली, तर गुणोत्तर ०.७४ होते आणि आजार निसटतो. म्हणूनच तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून, अजून!’ असे ओरडत असतो. बाहेर बसलेल्यांना ते भांडण वाटते.

सिरिंजचे काम रोज सकाळी, पहिल्या रुग्णाआधी, पाच मिनिटांचे. एक दट्ट्या सावकाश सहा सेकंदांत, एक मध्यम, एक अर्ध्या सेकंदात. तिन्ही वेळा वाचन २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत हवे. चाचणी फिल्टर लावून होणार असेल, तर सिरिंजही फिल्टर लावूनच जोडायची. टर्बाइनवर जोराचा दट्ट्या बरोबर आणि सावकाशचा कमी आला, तर आसाभोवती केस किंवा कफाचा तंतू अडकलेला असतो. न्यूमोटॅकच्या जाळीवर ओल बसली, की वाचन उगाच वाढते. कोकणातल्या पावसाळ्यात तिकडे विशेष लक्ष हवे. सिरिंज मशीनच्याच खोलीत ठेवायची, खिडकीतल्या उन्हात नाही. तिचेही पाणी जोखावे लागते: महिन्यातून एकदा तोंड बंद करून दट्ट्या दाबावा, हवा गळत असेल तर कळते.

माणसाचे काय? उंची स्टँडवर, अनवाणी मोजायची. ‘असेल साडेपाच फूट’ चालत नाही, कारण निरोगी माणसाकडून अपेक्षित आकडा उंची, वय आणि लिंगावरून निघतो. खुर्ची हाताची हवी, चक्कर येते. नाकाला चिमटा. कवळी घट्ट असेल तर राहू द्यावी, ओठांना आधार मिळतो. २०१९ च्या अमेरिकन-युरोपीय मानकानुसार शेवटच्या सेकंदात २५ मिलीलिटरपेक्षा कमी हवा येईपर्यंत किंवा १५ सेकंद फुंकायचे. तीन स्वीकारार्ह फुंकरा हव्यात, आणि प्रौढांमध्ये सर्वांत मोठ्या दोन फुंकरांत १५० मिलीलिटरहून जास्त फरक नको. प्रौढांना साधारण आठ प्रयत्नांनंतर थांबवावे. मग श्वासनलिका रुंदावणाऱ्या साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार झुरके स्पेसरमधून, म्हणजे इन्हेलरला जोडलेल्या नळकांड्यातून, पंधरा मिनिटे थांबणे, पुन्हा सगळे तेच. एका रुग्णाला पाऊण तास सहज लागतो. शिबिरात तासाला साठ जणांना फुंकायला लावले, तर हाती रद्दी येते. अशा शिबिरांचे आकडे अहवालात मिरवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा विनंती अशी. निविदेत सिरिंज, तिचे वार्षिक प्रमाणीकरण, प्रत्येक रुग्णाला नवा फिल्टर आणि खोलीसाठी तापमापक घालावा. शरीरातली हवा ३७ अंशांवर असते. खोली २५ अंशांवर असेल, तर तीच हवा फुप्फुसात सुमारे साडेसात टक्के जास्त जागा व्यापते. हा हिशेब मशीन खोलीच्या तापमानावरूनच करते.

शिवाय आलेख नसलेला अहवाल ग्राह्य धरू नये. तिन्ही फुंकरांच्या रेघा आणि त्या दिवसाच्या कॅलिब्रेशनची नोंद त्याच कागदावर छापली जावी. दगडखाणीतल्या कामगाराची किती क्षमता गेली हे ठरवताना वकील, डॉक्टर आणि अधिकारी तोच कागद हातात धरतात. खोकल्याने तुटलेली रेघ त्यात दिसते, नुसत्या आकड्यात दिसत नाही.

शेवटचे, मशीन चालवणाऱ्याची दर वर्षी बदली करू नये. चांगली फुंकर काढून घेणे शेकडो रुग्णांनंतर हाती बसते.

आपले नम्र,
फुप्फुस-कार्य चाचणी करणारे तंत्रज्ञ व डॉक्टर