मुदतवाढ देता देता माफीच दिलीत : केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

विषय : औष्णिक वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या नियमातून दिलेली सूट रद्द करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राला लागून आमचं गाव आहे. चिमणीच्या धुराबद्दल मी एका सरकारी कार्यालयात तक्रार दिली होती. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. सदर केंद्र 'सी' वर्गात मोडत असल्याने त्याला सूट आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. धूर बघायला, मोजायला कुणी आलंच नाही. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहिते आहे.

आपल्याच मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी अधिसूचना काढून वीज केंद्रांच्या धुरातल्या गंधकवायूवर, म्हणजे सल्फर डायऑक्साइडवर, पहिल्यांदा मर्यादा घातली. मुदत दिली दोन वर्षांची. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, तरी लिहिते. २०१७ चं २०२२ झालं. २०२१ मध्ये केंद्रांचे ए, बी, सी असे वर्ग पाडले आणि आमच्यासारख्यांना २०२४ सांगितलं. ते २०२६ झालं. ३० डिसेंबर २०२४ ला त्याचं २०२९ केलं. आणि जुलै २०२५ मध्ये 'सी' वर्गाला धुरातला गंधकवायू काढणारं यंत्र बसवायचीच गरज नाही, चिमणी ठरलेल्या उंचीची असली म्हणजे झालं, असं जाहीर केलं. देशातली साधारण ७८ टक्के केंद्रं या वर्गात आहेत. दर वेळी फक्त मुदत वाढवतोय असं दाखवत होतात. आम्ही विश्वास ठेवला.

यंत्र काही आकाशातून आणायचं नव्हतं. चुनखडीच्या पाण्याच्या फवाऱ्यातून धूर न्यायचा, गंधक तिथेच धरला जातो आणि खाली जिप्सम उरतं, तेही सिमेंटवाले घेऊन जातात. जगभर कित्येक वर्षांपासून हे चालू आहे. आपल्याकडे वीज तयार करणाऱ्या पाचशे सदतीस संचांना बसवायचं ठरलं होतं. दहा वर्षांत बसलं त्यातल्या थोड्याच संचांना.

राखड दिसते हो. सकाळी अंगणात, टिनाच्या पत्र्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर. ती झाडता येते, धुता येते. गंधकवायू दिसत नाही. तो हवेत सूक्ष्म कणांत बदलतो आणि छातीत जाऊन बसतो. माझ्या सासऱ्यांना दमा आहे. थंडीत धूर खाली बसला की रात्री दोन-अडीचला त्यांची छाती घरघरायला लागते. आम्ही त्यांना उठवून भिंतीला टेकवून बसवतो, नेब्युलायझर लावतो. परवा मध्येच लाईन गेली. नेब्युलायझर बंद पडला. खिडकीतून केंद्राचे दिवे लखलख दिसत होते आणि आमच्या घरात मी मोबाईलच्या उजेडात दम्याचा पंप शोधत होते. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्या रात्री तो आजोबांचे पाय चोळत बसला होता आणि स्वतःही खोकत होता. डॉक्टर म्हणतात, जागा बदला. कास्तकाराने जागा कशी बदलायची? वावर डोक्यावर घेऊन जायचं का?

तुमचं म्हणणं मी वाचलं आहे. भारतीय कोळशात गंधक कमी असतो. शहरांतल्या हवेत हा वायू मर्यादेच्या आतच आहे. यंत्राला मेगावॉटमागे कोटीभराहून जास्त खर्च येतो. मग शहरांतल्याच हवेचे आकडे का दाखवता? आमच्या गावात मोजायचं यंत्रच नाही. जिथे मोजलंच नाही तिथे प्रदूषण नाही, हा कुठला न्याय? गंधक टक्केवारीत कमी असेल, पण रोज जाळता तो कोळसा किती, ते सांगा ना. उंच चिमणीने विष नाहीसं होत नाही, दूरवर जातं. ते कण शेकडो किलोमीटर वाहत जातात, म्हणजे ज्या शहरांना वाचवायचं म्हणता तीही वाचत नाहीत.

आणि हे वर्ग कशावरून पाडलेत? दिल्लीचा राजधानी परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचं शहर दहा किलोमीटरच्या आत असलं तर 'ए'. अतिप्रदूषित पट्टा किंवा हवा बिघडलेलं शहर जवळ असलं तर 'बी'. बाकी सगळे 'सी'. आमचं गाव अजून पुरतं बिघडलं नाही म्हणून ते बिघडवायची मोकळीक! शहरातल्या माणसाची फुप्फुसं पहिल्या वर्गातली आणि आमची तिसऱ्या, असंच ना?

खर्चाचा हिशेब तुम्ही पैशापर्यंत केलात. आमच्या घरातली औषधं, बुडालेली मजुरी, तालुक्याला जायचं गाडीभाडं, हे कुठल्या रकान्यात धरलं? माझ्या दिराच्या मोटारसायकलची पीयूसी संपली तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. २०२१ च्या नियमात मुदत चुकवणाऱ्या केंद्राला वर्गाप्रमाणे युनिटमागे पाच ते वीस पैसे दंड होता. तोही मुदतीबरोबर पुढेच ढकलत राहिलात. या देशात नियम फक्त लहान माणसाला असतो. वीजबिल थकलं की वायरमन महिन्याभरात दारात उभा असतो. जनसुनावणी असते तेव्हा मांडव पडतो, हिंदी-इंग्रजीत भाषणं होतात, आमचे अंगठे हजेरीवर घेतले जातात आणि निर्णय आधीच झालेला असतो. पक्ष कुठलाही असो, हेच बघत आले आहे.

सूट मागे घ्या. तोवर निदान गावात हवा मोजायचं यंत्र बसवा आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू द्या. ज्या अभ्यासांच्या भरवशावर सूट दिलीत ते मराठीत करून ग्रामसभेपुढे ठेवा. ते समजावून सांगायला अधिकारी पाठवा, आणि तो थंडीत पाठवा, रात्री मुक्कामाला.

उत्तर चार ओळींचं नको.

आपली,
'सी' वर्गातली एक नागरिक