बाबांसाठी धान्य आणि चक्की

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबांचा बायोप्सीचा रिपोर्ट नीट वाचला. सीलिॲक हा आतड्याचा आजार झालाय हे कळल्यापासून त्यांना नुसता भातच देतेय, असं आई फोनवर म्हणाली. गहू बंद केलात हे उत्तम, पण एकट्या तांदळावर राहू नका. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे बाबांच्या लहान आतड्याचं अस्तर झिजलंय. लोह, कॅल्शियम तिथेच शोषलं जातं, म्हणून तर इतक्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नव्हतं. ही तूट पांढऱ्या तांदळाने भरून निघणार नाही.

ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळे, मका, राजगिरा यांपैकी कशातच ग्लुटेन नाही. बाबांना नाचणी तर हवीच. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यांच्या हाडांना त्याची गरज आहे. लोहासाठी राजगिरा, बाजरी. पोट अजून नाजूक आहे, तेव्हा एकेक धान्य थोडं थोडं सुरू करा.

खपली गहू पचायला हलका, तो चालेल, असं कुणीतरी नक्की सांगेल. अजिबात ऐकू नका. तोही गहूच. रवा, मैदा, दलिया, जव, राय (गव्हासारखंच एक धान्य) आणि जवापासून केलेलं माल्ट, सगळं कायमचं बंद. ओट्स सध्या नकोतच. त्यात बहुधा गव्हाची भेसळ झालेली असते. पुढे डॉक्टर हो म्हणाले तर ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच आणू.

आई, मला खरी काळजी दळणाची आहे. गव्हामागून ज्वारी दळली की चक्कीत अडकलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते. एवढं ग्लुटेन गव्हाच्या अर्ध्या ग्रॅम पिठात, म्हणजे जेमतेम चिमूटभर पिठात असतं! म्हणून घरासाठी छोटी चक्की मी पाठवते आहे. तिच्यात गहू कधीच घालायचा नाही. चाळणी, परात, लाटणंही बाबांचं वेगळं ठेव.

बाबा, एवढ्याशा पिठाने काय होतं, असं तुम्ही म्हणालात. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांचा गव्हावरचा संशय त्यातून पक्का झाला. या आजारावर आजही औषध नाही, पथ्य हेच औषध. ते पाळलंत की आतडं भरून येतं. तुमच्या वयात थोडा वेळ लागेल इतकंच.

आणखी एक. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात दहातल्या साधारण एकाला हा आजार निघतो. मी रक्ततपासणी करून घेते आहे, दादालाही करायला सांगा. मात्र तपासणी होईपर्यंत त्याने गहू सोडू नये, नाहीतर आजार असूनही रिपोर्टमध्ये दिसणार नाही.

तुमची,
लेक