बिलातल्या ओळीमागचे संशोधन मराठीत येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला वंध्यत्व उपचारांवरचा लेख वाचला. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 3 ऑक्टोबर 1978 रोजी टेस्ट ट्यूब बेबी दुर्गा जन्मली, आणि त्यांच्या कामावर जिवंतपणी कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईच्या केईएममध्ये 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवून आणला. या दोघांची आठवण आपण काढलीत, फार बरे वाटले. उरलेला लेख मात्र नव्या सुविधांची यादी होता: पिशवीचे अस्तर खरवडणे, भ्रूण चिकटवणारे द्रावण, भ्रूणाची जनुकीय तपासणी. यातल्या कशाने किती फरक पडतो, हे कुठेच नव्हते.

मी स्त्रीरोग विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. पाळी चुकली नाही म्हणून दर महिन्याला रडवेल्या चेहऱ्याने येणाऱ्या बायका मी आयुष्यभर पाहिल्या. हल्ली नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत आयव्हीएफचे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी उपचाराचे, फलक दिसतात. पूर्वी पुण्या-मुंबईला जावे लागणाऱ्यांची सोय झाली, हे चांगलेच आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

माझी भाची निफाड तालुक्यात दिली आहे, घरची द्राक्षबाग आहे. एक आयव्हीएफ सायकल, म्हणजे उपचाराची एक फेरी, फसल्यावर दुसरीच्या वेळी तिला खर्चाचा कागद मिळाला, तो तिने प्लास्टिकच्या फाइलमधून काढून माझ्यासमोर ठेवला. सगळा मजकूर इंग्रजीत, खाली तिची सही मराठीत. मधल्या एका ओळीत ‘एन्डोमेट्रियल स्क्रॅच’ आणि पुढे रक्कम. “मावशी, हे कशासाठी असतं?” तिने विचारले. तिला एवढेच सांगितले होते की याने चान्स वाढतो. किती वाढतो, हे तिनेही विचारले नव्हते. पैसे पतसंस्थेतून सोने तारण ठेवून उभे करायचे होते.

या स्क्रॅचमध्ये करतात ते असे. भ्रूण सोडण्याच्या आधीच्या पाळीच्या चक्रात एक बारीक, लवचिक प्लास्टिकची नळी गर्भपिशवीत घालतात आणि मागेपुढे फिरवून अस्तर थोडे खरवडतात. काही मिनिटांचे काम, भूल लागत नाही, पण ओटीपोटात कळ येते. कल्पना अशी की जखम भरून येताना अस्तर भ्रूणाला धरून ठेवायला जास्त तयार होते. 2003 साली इस्रायलमधल्या संशोधकांनी 134 स्त्रियांवरचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या 45 जणींचे अस्तर असे खरवडले होते आणि त्यांच्यात मूल जन्माला येण्याचे प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. ज्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते अशा जोडप्यांना आणि डॉक्टरांना तो निबंध देवासारखा वाटला असेल. बघता बघता ही पद्धत जगभर पसरली.

पुढची गोष्ट आपल्या लेखात यायला हवी होती. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या प्रा. सिंडी फार्कर, त्यांच्या सहकारी सारा लेन्सन आणि इतरांनी पाच देशांतल्या 13 केंद्रांमध्ये 1,364 स्त्रियांची चाचणी घेतली. कुणाला खरवडायचे आणि कुणाला नाही, हे डॉक्टरने किंवा बाईने ठरवायचे नव्हते, ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरत होते. निकाल जानेवारी 2019 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. खरवडलेल्या 690 जणींपैकी 180 जणींच्या कुशीत मूल आले, न खरवडलेल्या 674 पैकी 176 जणींच्या. दोन्हीकडे 26.1 टक्के, दशांशापर्यंत सारखे.

आमच्या निफाडकडच्या बागाईतदाराला हे वेगळे समजवावे लागत नाही. नवे संजीवक बाजारात आले की तो ते सगळ्या बागेवर मारत नाही. चार ओळींना मारतो, शेजारच्या चार तशाच ठेवतो आणि घड मोजतो. त्या न मारलेल्या ओळी नसतील तर फुगवण औषधाने झाली की त्या वर्षीच्या हवेने, हे कळायचे कसे? भाचीच्या नवऱ्याला मी ही चाचणी अशीच सांगितली. तो लगेच म्हणाला, “मग बिनखरवडलेल्या ओळीचं पीक तेवढंच आलं की.”

प्रामाणिकपणे हेही लिहायला हवे की विषय पूर्ण मिटलेला नाही. पुढे अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात थोडासा फायदा दिसला. शास्त्रात असे होते आणि ते झाकून ठेवू नये. पण 2003 मधले ते ‘दुप्पट’ आता कुठे उरलेले नाही. आणि ज्या बाईला ‘चान्स वाढतो’ म्हणून सही करायला सांगतात, तिला यातले काहीच माहीत नसते.

फार्कर बाईंचे काम म्हणजे केवळ नकार, असे मात्र कुणी समजू नये. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा दुसरा निबंध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी दिवस जात नाहीत, अशी जोडपी प्रत्येक दवाखान्यात असतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2013 मध्ये डॉक्टरांना सांगितले की अशांना सरसकट आययूआय (वीर्य नळीने थेट गर्भपिशवीत सोडणे) देऊ नका, दोन वर्षे वाट पाहूनही काही झाले नाही तर आयव्हीएफचा विचार करा. फार्कर आणि सहकाऱ्यांनी ते पारखून पाहिले. आपोआप गर्भ राहण्याची शक्यता कमी असलेल्या 201 जणी घेतल्या. निम्म्यांना अंडी वाढवणाऱ्या गोळ्या देऊन जास्तीत जास्त तीनदा आययूआय, उरलेल्यांना तेवढा काळ घरीच प्रयत्न. पहिल्या गटात 31 टक्के जणींना मूल झाले, दुसऱ्या गटात 9 टक्के. आययूआयचा खर्च आयव्हीएफच्या मानाने किती कमी असतो हे नाशिकमध्ये कुणालाही विचारा. गोळ्याही साध्याच, क्लोमिफीन किंवा लेट्रोझोल. त्यातल्या लेट्रोझोलवर आपल्याकडे 2011 मध्ये वंध्यत्वासाठी बंदी आली होती. 2014 मध्ये अमेरिकेतल्या 750 स्त्रियांच्या चाचणीत पीसीओएस (अंडी वेळेवर न सुटण्याचा अंडाशयाचा विकार) असणाऱ्यांसाठी ती क्लोमिफीनपेक्षा सरस ठरली आणि 2017 मध्ये भारतातली बंदी उठली. एका निबंधाने चिठ्ठीवरची गोळी बदलते ती अशी.

फार्कर यांनी अनेक वर्षे ‘कॉक्रेन’ या जागतिक संस्थेच्या स्त्रीरोग व वंध्यत्व गटाचे संपादन सांभाळले. एकाच प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करायच्या, कच्च्या बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांचा एकत्र हिशेब मांडायचा, हे या गटाचे काम. कॉक्रेनच्या बोधचिन्हात काही आडव्या रेघा आहेत. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या बाईला बाळाच्या फुप्फुसांसाठी जे स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष त्या रेघांत मांडले आहेत. त्यातली पहिली मोठी चाचणी ऑकलंडचीच, लिगिन्स आणि हॉवी यांची, 1972 साली प्रसिद्ध झालेली. ते इंजेक्शन मी स्वतः किती बायकांना दिले असेल. त्या रेघांचा अर्थ कळला तेव्हा एवढ्या वर्षांच्या नोकरीचे मोल मला नव्याने जाणवले.

आमच्याकडे मूल होत नाही म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करतात, सप्तशृंगीला नवस बोलतात. भाचीनेही केले. तिथे कुणी टक्केवारीचा दावा करत नाही, माणूस श्रद्धेने जातो. दवाखान्यात टक्केवारी सांगून पैसे घेतले जातात, म्हणून ती टक्केवारी कशाची हे विचारण्याचा हक्क आहे. बीटा (दिवस गेल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलेल्यांची, की बाळ घरी नेलेल्यांची? भ्रूण सोडलेल्यांपैकी, की इंजेक्शने सुरू केलेल्या सगळ्यांपैकी? मधेच ज्यांची सायकल रद्द झाली त्या मोजल्या का? या प्रश्नांची उत्तरे बदलली की तोच दवाखाना साठ टक्क्यांचा तीस टक्क्यांवर येऊ शकतो, त्यात कुणी खोटे बोललेले नसले तरी. 2021 च्या एआरटी (साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) नियमन कायद्यातही क्लिनिकने जोडप्याला यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च आणि धोके समजावून सांगणे बंधनकारक आहे. इंग्रजी कागदावर सही घेतली म्हणजे समजावून झाले, असे मी तरी मानत नाही.

डॉक्टरांवर माझा राग नाही. ज्यांच्या हाताखाली मी काम केले त्यांतले बरेच जण रात्री बसून नवे निबंध वाचत असत. पण तो निबंध डॉक्टरांच्या टेबलावरून पलीकडे बसलेल्या बाईपर्यंत येत नाही, आणि ते अंतर वर्तमानपत्र कमी करू शकते.

म्हणून दोन विनंत्या. वंध्यत्वावर लेख छापताना लेखकाला प्रत्येक उपचारामागची चाचणी, त्यातल्या स्त्रियांची संख्या आणि जिवंत बाळांचे प्रमाण विचारावे, आणि ते मिळाले नाही तर तसे छापावे. दुसरे, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. स्त्रीरोगाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शोधप्रबंध लिहावाच लागतो. त्याला जोडून त्या विषयाचा एक पानी मराठी गोषवारा प्रत्येकाने द्यावा, असे आपण विद्यापीठाला सुचवावे आणि त्यातले निवडक पुरवणीत घ्यावेत. कॉक्रेनच्या सारांशांना पैसे पडत नाहीत, सुरुवात तिथून करता येईल.

फार्कर यांच्या वर सांगितलेल्या दोन्ही निबंधांचा मराठी गोषवारा मी लिहून काढला आहे, तो पत्रासोबत जोडते. शब्द घरात बोलतो तसेच ठेवले आहेत. छापण्याआधी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. भाचीची पुढची तारीख महिनाअखेरीस आहे, त्याआधी छापून आला तर तो कागद घेऊन ती डॉक्टरांसमोर बसेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
इंदिरानगर, नाशिक