आभाराच्या पानावर राहून गेलेल्या काकांना

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

मी जर्मनीहून परत आले. मागच्या सोमवारी कॉलेजात गेले, तर केमिस्ट्रीच्या लॅबच्या दाराशी तुमचं, आमच्या लॅब अटेंडंट काकांचं, स्टूल होतं, तुम्ही नव्हतात. स्टोअरच्या किल्ल्या आता दुसऱ्याच कुणाकडे आहेत. तुम्ही ३० जूनला रिटायर होणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तुमची जन्मतारीख १ जुलै ठोकून दिली, हे तुम्हीच सांगितलं होतं. पहिल्या तारखेला जन्मलेल्याला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी पाठवतात, हा हिशेबही तुम्हीच समजावला होता. तरी मे महिन्यात निघताना मी "आल्यावर भेटते काका" एवढंच म्हणून गेले. तुमचा शाल-श्रीफळाचा फोटो मला गीसेनच्या लॅबच्या जिन्यात दिसला. तिथे सकाळचे साडेनऊ, इथे दुपारचा एक. फोन लावला, तुम्ही उचलला नाही. त्या गर्दीत कोण उचलणार म्हणा.

पत्र असं सगळ्यांसमोर का लिहिते आहे, ते आधी सांगते. तिथलं काम संपताना मी अठ्ठावीस पानांचा रिपोर्ट दिला. त्यात आभाराचं एक पान होतं. प्राध्यापक, जिच्या हाताखाली काम केलं ती पीएचडी करणारी मुलगी, शिष्यवृत्ती देणारे, आपल्या विभागातले सर-मॅडम, आई-बाबा, सगळे आले. तुम्ही राहिलात. लक्षात आलं तेव्हा मी विमानात होते आणि रिपोर्ट सगळ्यांच्या मेलवर पोचला होता. चूक चारचौघांत झाली, तर निस्तरायचीही चारचौघांतच. शिवाय तुमच्या हाताखालून गेलेले पोट्टे-पोट्ट्या कुठे कुठे पसरलेत. त्यांतल्या कुणी हे वाचलं तर नाव न घेताही ओळखतील. 'काका'शिवाय दुसऱ्या कशाने आम्ही तुम्हाला हाक मारली होती का कधी?

तिथे तुमची पहिली आठवण आली ती एका यंत्रामुळे. मी नागपूर सोडलं तेव्हा पारा ४५ वर होता आणि गीसेनला लोक जॅकेट घालून फिरत होते. लॅबच्या कोपऱ्यात फ्रिजएवढं एक धूड गुरगुरत होतं. कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करून पुन्हा द्रव करणाऱ्या काचेच्या दुहेरी नळीत, थंड पाणी फिरवणारं चिलर. ते बघून मला एकटीलाच हसू फुटलं. काका, आठवतं का आपलं ईथर, ते चटकन पेट घेणारं? ते उकळतं ३४.६ अंशांना, आणि मे महिन्यात दुपारी आपल्या लॅबच्या भिंतीवरचा थर्मामीटर ४१ दाखवायचा. बूच काढलं की माल खिडकीबाहेर. नळाला यायचं ते गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, त्याने कंडेन्सर काय थंड होणार! सगळ्यांनी ते प्रॅक्टिकल पावसाळ्यावर ढकलायचं ठरवलं होतं. तुम्ही घरून कूलरचा जुना पंप आणलात, समोरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणि एक बादली. पंप बादलीत, नळी कंडेन्सरला, वरून आलेलं पाणी पुन्हा बादलीत. खोलीतले सगळे बर्नर बंद करून, आमच्या खिशातल्या काडेपेट्यासुद्धा काढून घेऊन, गरम पाणी पलीकडच्या खोलीतून आणलंत. "घ्या, आता करा बाप्पा तुमचं ईथर." गीसेनचं ते धूड उघडलं असतं तर आत तुमचाच पंप निघाला असता, जरा चांगला रंग मारलेला.

कंडेन्सरच्या बाहेरच्या नळीत पाणी खालूनच का सोडायचं, हे पुस्तकात एका ओळीत आहे. तुम्ही मला दोन्ही प्रकारे लावून दाखवलं होतं. वरून सोडलं की बाहेरची नळी अर्धी रिकामीच वाहते. खालून सोडलं की पूर्ण भरल्याशिवाय पाण्याला पुढे जाताच येत नाही. "समजलं ना? आता पाठ कायले करतेस?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची सिलिकाची नळी, भरायला सांगितला. तिथे त्यासाठी वेगवेगळ्या मापांच्या नळ्या टांगलेल्या, तळाला सच्छिद्र काच बसवलेल्या. आपल्याकडे तोंड फुटलेली ब्युरेट, म्हणजे खाली कॉक असलेली मापाची काचनळी, आणि खाली कापसाचा बोळा. पण पुढचं सगळं तेच होतं. सिलिका द्रावकात कालवून एका धारेत ओतायची आणि रबरी नळीच्या तुकड्याने बाहेरून टकटक करत राहायचं, म्हणजे हवा अडकत नाही. बुडबुडा राहिला की सिलिकेला भेग जाते, आणि जे दोन पदार्थ वेगळे करायचे ते हातात हात घालून खाली उतरतात. माझी टकटक ऐकून ती पीएचडीवाली आली, थोडा वेळ बघत राहिली आणि विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हणाले, कॉलेजात.

काय उत्तर दिलं मी! कॉलेजात त्याला तासच नव्हता. तुमचा डबा खाऊन झाला की दीड ते दोन या वेळात तुम्ही ते शिकवायचात, ज्याला यायचं त्याने यावं. आम्ही तिघंच यायचो.

आयोडीनच्या बाटलीचं तर तुम्हाला आवडेल. आमचा पदार्थ अतिनील दिव्याखाली दिसतच नव्हता. तिथले लोक टीएलसीची प्लेट (पदार्थ वेगळे झाले का ते डागांवरून दाखवणारी) परमँगनेटमध्ये बुडवून तापवायचे, डाग उठायचे, पण प्लेट तिथेच संपायची. मला एकच प्लेट दोनदा तपासायची होती. मग जॅमची बाटली धुतली, तळाशी आयोडीनचे चार खडे टाकले आणि वर काचेची बशी ठेवली. पत्र्याचं झाकण आयोडीन खाऊन टाकतं, हे तुमचंच. डाग तपकिरी उठले, पेन्सिलने गोल केले, प्लेट हुडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, उघडी ठेवली. आयोडीन उडालं आणि प्लेट पुन्हा पांढरी. प्राध्यापकांना ही रीत ठाऊक होती, पण त्यांच्या लॅबमध्ये ती बऱ्याच वर्षांत कुणी वापरली नव्हती. म्हणाले, ही बाटली इथेच असू दे. मी तिच्यावर नाव आणि तारीख घातली. नाव-तारीख नसलेली बाटली तुम्ही सरळ ओतून द्यायचात. माझी एकदा आठवड्याची मेहनत ओतली होतीत आणि मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. खरं सांगू, त्या दिवशी एकदा विचारायला हवं होतं तुम्ही. असो.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. गीसेन हे रसायनशास्त्रज्ञ लीबिगचं गाव. हो, आपल्या 'लीबिग कंडेन्सर'वाला लीबिग. १८२४ साली वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी तो तिथे प्राध्यापक म्हणून आला आणि १८५२ पर्यंत राहिला. विद्यार्थ्यांना फक्त व्याख्यान न ऐकवता बाकावर उभं करून स्वतःच्या हाताने करायला लावायचं, ही शिस्त त्याने तिथे बसवली. आपण ज्याला प्रॅक्टिकल म्हणतो त्याचं आजोळ ते. त्याची लॅब स्टेशनजवळच आहे, आता संग्रहालय. गंमत म्हणजे कंडेन्सर त्याने शोधलेलाच नाही. वायगेल नावाच्या जर्मन माणसाने तसा कंडेन्सर १७७१ मध्येच मांडला होता. लीबिगने वापरून वापरून तो घरोघरी पोचवला आणि नाव त्याचं चिकटलं.

तिथे एक प्रसिद्ध चित्र आहे, १८४२ चं. लीबिगच्या लॅबमध्ये काम चालू आहे, उंच टोप्या घातलेले तरुण आपापल्या बाकांशी. त्यांतले बरेच पुढे मोठे रसायनशास्त्रज्ञ झाले. मेक्सिकोहून आलेला ओर्तिगोसा नावाचा विद्यार्थीही त्यात आहे; इतक्या लांबून आलेला पाहून मला जरा बरं वाटलं. आणि त्या सगळ्यांत एक आउबेल आहे. हा आउबेल म्हणजे लॅबचा गडी. विद्यार्थी नाही, प्राध्यापक नाही. भांडीकुंडी, भट्टी, सामानसुमान बघणारा. चित्रकाराने त्याला वगळलं नाही, आणि चित्रातल्या माणसांची नावं सांगताना आजही त्याचं नाव घेतात.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. आपल्या विभागाच्या कॉरिडॉरमध्ये दरवर्षीचे ग्रुप फोटो लावलेत ना, परवा ते सगळे बघितले. एकातही तुम्ही नाही. कसे असाल? खुर्च्या मांडून, सगळ्यांना ओळीत उभं करून तुम्ही बाजूला व्हायचात.

निरोपाचं थोडक्यात सांगते. त्यांच्याकडे उलटी रीत आहे, जाणाऱ्यानेच इतरांना खाऊ घालायचं. आउसश्टांड म्हणतात. मी तर्री-पोहे केले. पोहे फ्रँकफर्टच्या इंडियन दुकानातून आणले, चणे रात्री भिजवले, सावजी मसाला आईने बॅगेत कोंबला होताच. तर्री मी आपल्या मानाने फिकीच केली होती, तरी प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसत होते आणि दह्यावर दही घेत होते. भाषणं झाली, सगळ्यांच्या सह्यांचा एक मग मिळाला. तोवर मी ठीक होते.

मग सगळे गेल्यावर बाक आवरला. जर्नल तिथेच ठेवायचं असतं, ते कपाटात लावलं. किल्ली दिली. शेवटी ब्युरेट धुतली, कॉक उघडा ठेवून स्टँडला उलटी लावली, तुम्ही रोज पाच वाजता लावायचात तशी. तेव्हा मात्र रडू आवरेना. खिडकीबाहेर रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड होता.

त्या चित्राचं पोस्टकार्ड आणलंय तुमच्यासाठी. आउबेलभोवती गोल केलाय, पेन्सिलने. प्लेटवर पेन चालवलेला तुम्हाला खपायचा नाही, म्हणून इथेही नाही चालवला. रिपोर्टची दुरुस्त केलेली प्रतही प्राध्यापकांना पाठवली आहे. त्यात आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचं आहे, पूर्ण नाव, ऑफिसातून विचारून घेतलेलं. त्यांचं उत्तर आलं, हेच का ते आयोडीनवाले?

रविवारी सकाळी दिघोरीला येते. काकूंना म्हणावं, चणे भिजवून ठेवा, बाकी मी बघते.

तुमची,
ब्रेकेज रजिस्टरात अजून एका पिपेटचे पैसे बाकी असलेली