अण्णा स्वर्गात रमतील का?

सोलापूर

प्रिय मित्रा,

"अण्णा आता कायमचे सुखात असतील ना रे?" असं तू फोनवर विचारलंस. त्यावर दोन शब्दांत काही बोलायचं जिवावर आलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अण्णांना सुख मिळावं असं मला मनापासून वाटतं. पण जे कधी संपत नाही आणि ज्यात कसलंच उणं नाही, असलं सुख त्यांना मानवेल का?

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७३ साली मांडलं, की अमर माणूस शेवटी कंटाळणारच. उदाहरणाला त्यानं चेक नाटककार कारेल चापेकच्या नाटकातली तीनशेहून जास्त वर्षं जगलेली नायिका घेतली. तिला कशातच रस उरलेला नसतो. मला हे पटत नाही. अण्णांनी जन्मभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, रोज तितक्याच चवीनं.

माझं घोडं अडतं ते दुसरीकडे. महाभारताच्या वनपर्वात मुद्गल ऋषींची गोष्ट आहे. शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारा माणूस. देवदूत विमान घेऊन आला, तर हे विचारतात, आधी स्वर्गाचे गुणदोष सांग. देवदूतही प्रामाणिक. तो सांगतो, तिथे केलेल्याचं फळ तेवढं भोगायचं, नवं काही करता येत नाही. आणि पुण्य सरलं की खाली यायचं. पृथ्वी कर्मभूमी, स्वर्ग फलभूमी. मुद्गलांनी विमान परत पाठवलं. पुढे ते जिथून पतन नाही अशा पदाच्या मागे लागतात, हे खरं. मी मात्र त्या पहिल्या दोषापाशीच थांबतो.

मागावर बसलेल्या अण्णांना डोळ्यासमोर आण. ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, दोन्ही टोकं चिमटीत धरून गाठ मारायची आणि तिच्यावरून अंगठा फिरवून बघायचं, हाताला लागते का. जिथे धागाच तुटत नाही तिथे त्यांनी दिवसभर करायचं काय? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आपल्या गावात तळं उभं केलं, शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, 'कायकवे कैलास' म्हटलं. कामातच कैलास बघणाऱ्यांच्या गावात अण्णा वाढले.

पण हे सगळं मी आमच्या शेजारच्या आजींसमोर बोलू शकणार नाही. सुपात पानं आणि तंबाखू घेऊन बिड्या वळण्यात त्यांचा जन्म गेला, मान कायमची वाकली. त्यांना कर्मभूमीचं कौतुक कोणत्या तोंडानं सांगू? त्यांना विसावा हवाच, हवा तितका लांब. उठावंसं वाटलं तर उठता यावं, एवढंच माझं मागणं.

आणि एक गोष्ट मला झोपू देत नाही. तिथे अण्णांना तुझी आठवण येते का? येत असेल, तर सुखात उणं आलंच. येत नसेल, तर ते आपले अण्णा कसले? तुकोबा 'न लगे मुक्ति' म्हणाले, संतांची संगत मागितली, आणि त्यासाठी गर्भवासही सुखानं घ्यायला तयार झाले. हा हट्ट मला फार जवळचा वाटतो. मलाही माणसंच हवीत. रुसणारी, वाट बघणारी, माझ्यावाचून ज्यांचं अडतं अशी.

वर्षश्राद्धाला येशील तेव्हा काकूंना विचारू. अण्णा तिथे रमतील का, हे आपल्या दोघांपेक्षा त्या नेमकं सांगतील. आणि मागावरची अर्धवट चादर मी पुरी करायला घेऊ का, तेवढं त्याआधी कळव.

तुझा,
जुना दोस्त